मागची सीट

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली आणि चढावरून हातभर मागे घसरली. मागून हॉर्न सुरू झाले. नवऱ्याने किल्ली फिरवली, क्लच सोडला, गाडीने गचका खाल्ला आणि पुन्हा मान टाकली.

ती मागच्या सीटवर होती. मांडीवर सासूबाईंचं डोकं. त्यांच्या छातीत घरीच कळ आली होती. आता अंग घामाने डबडबलं होतं, ओठ पांढरे पडत चालले होते. इस्पितळ अजून बाजारापलीकडे होतं.

"अहो, हँडब्रेक ओढून बघता का जरा?" ती हळूच म्हणाली.

बारा वर्षं ती शहराची बस चालवत होती. साठ माणसं घेऊन हाच चढ दिवसातून आठ वेळा चढायची. तिचा आवाज चढला की अख्खा डेपो चिडीचूप व्हायचा. पण घरच्या गाडीत ती मागे बसायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी गोडीत सांगितलं होतं, "कामावर काय हवं ते चालव बाई. घरच्या गाडीत त्याला बसू दे. चारचौघांत बरं दिसतं." तिनेही कधी हुज्जत घातली नाही. आजसुद्धा खुंटीवरची किल्ली तिनेच काढली आणि धावत जाऊन नवऱ्याच्या हातात ठेवली. जीव जायची वेळ आली तरी सवय काही सुटत नाही. आता संतापाने तिचं डोकं फुटायला आलं होतं. राग नवऱ्यावर होता, हॉर्नवाल्यांवर होता आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या 'जरा'वर होता.

"बस चालवणारी तू," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "आणि बोलतेस मीठ मागितल्यासारखी."

मग त्यांनी डोळे उघडले. "उतर रे तू. जीव माझा आहे. हिला बसू दे."

नवरा उतरून मागे आला. तिने सीट पुढे ओढली आणि एका दमात चढ पार केला. बाजारात खिडकीतून डोकं काढून दोन ट्रकवाल्यांना असं काही सुनावलं की त्यांनी निमूट वाट दिली. नवरा आईचा हात धरून बायकोकडे नुसता बघत राहिला.

इस्पितळात तासाभराने सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग परतला. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क होता. दोघं खाटेपाशी उभे होते.

"दहा मिनिटं उशीर झाला असता तर कठीण होतं," डॉक्टर नवऱ्याला म्हणाले. "या गर्दीतून गाडी काढलीत म्हणजे कमालच केलीत."

नवरा ओशाळला. गाडी आपण चालवली नाही हे सांगायला त्याने तोंड उघडलं.

"हो ना," ती त्याच्याआधीच बोलून गेली. "गाडीवर हात चांगला बसलाय त्यांचा."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. तिची कानशिलं तापली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

सासूबाईंनी मास्क खाली ओढला.

"डॉक्टर, मी आता बरी आहे," त्या म्हणाल्या. "आधी हिला तपासा."