अंगठीचं बोट

“हात दाखवा बरं,” बायजाबाई म्हणाली, आणि सगळ्यांच्या चहाच्या बशा तोंडाशीच थांबल्या.

अश्विननं हसत तळहात पुढे केला. त्याला वाटलं, रेषा बघणार असतील.

“रेषा नाही. बोटं. सरळ करा.”

अश्विनचा मामा तुलाराम जागच्या जागी चुळबुळला. साक्षगंधाची तारीख काढायला माणसं साकोलीहून पार चिखल्याला आलेली, आणि इथं नवरदेवाची बोटं तपासणं चाललंय! “काय पाहून राहिल्या, बाई?”

“अंगठीचं बोट.”

त्याचं असं झालं होतं. मागच्या महिन्यात खाणीच्या कॉलनीत कॉलेजच्या एक मॅडम आल्या होत्या. पट्टी घेऊन त्यांनी घरोघरची बोटं मोजली. पुरुषांचं अंगठीचं बोट बहुतेक वेळा अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाहून लांब असतं, बायकांचं तेवढं नसतं, असं सांगितलं. लांब बोटाची माणसं तापट, असंही काही जण म्हणतात. पण तेवढ्यावरून कुणाला नावं ठेवू नका, असंही बजावलं. हे शेवटचं काही बायजाबाईच्या कानात शिरलंच नाही. त्या संध्याकाळी तिनं घरातल्यांची बोटं पाहिली, आणि एक हात तर दोनदा पाहिला.

“बायजा, पुरे,” तिचा नवरा बाबुलाल हळूच म्हणाला. मोठ्यानं बोलायची त्या घरात सोयच नव्हती. कशावरून काय पेटेल, नेम नव्हता.

आत लेक तृप्ती पोहे वाढत होती. एक भांडं आपटलं. बायजाबाई दचकली, पण मागे हटली नाही.

“माही एकच गोष्ट हाय. मारझोडीचं लग्न मले नाही पायजे. एकदा हात उठला का संसाराची माती होते.”

“आमच्या पोरानं आजवर कुत्र्यालेही हाड म्हटलं नाही,” तुलाराम म्हणाला. “पाहा, खुशाल पाहा.”

ती वाकली. अश्विनचं अंगठीचं बोट पहिल्या बोटापेक्षा नखभर आखूड होतं.

“गरीब हात हाय,” ती म्हणाली.

“मंग झालं! काढा तारीख!”

बायजाबाईनं हात सोडला नाही. “राग येते का कधी?”

“नाही जी.”

“कोणी अंगावर आलं त?”

“मी बाजूले होतो.”

“आन बाजूले होऊच नाही देलं त?”

अश्विन लाजून हसला. “त गप बसतो, काकू.”

तिला त्याची फार कीव आली. लेकीचं लग्न जमावं म्हणून ती दोन वर्षं झुरत होती. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. तरी ती म्हणाली, “मले हे स्थळ पसंत नाही.”

“काहून?” तुलाराम ताडकन उठला. “आताच त गरीब म्हणून राहिल्या होत्या! थट्टा लावली काय?”

बाबुलालचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात तृप्ती ताटली घेऊन दारात आली. गोड हसली.

“काय झालं, आई?”

“काही नाही वं माय,” बाबुलालच घाईनं म्हणाला. “तू बस. मामाजीले पोहे दे.”

बायजाबाईनं तेवढीच संधी साधली. “चला बापू, हात धुवून घ्या,” म्हणत तिनं अश्विनला मागच्या नळावर नेलं.

“काकू, माझं काय चुकलं?”

“तुमचं काहीच नाही. तुमचं बोट लांब असतं, त मीच पेढे वाटले असते.”

त्याला काहीच उमगेना. तिनं दाराकडं एकदा पाहिलं, नळ पुरता सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड पोलक्याची बाही वर सरकवली. दंड काळानिळा पडला होता.

अश्विनच्या अंगावर काटा आला. “काकाजी मारतेत?”

“नाही बापू,” ती कुजबुजली. “पोरीच्या हातचा मार ते माझ्याआधी खातेत.”