छपरावरून हाक

सीमेपलीकडच्या उत्तरेचं क्षेपणास्त्र उडाल्यावर मिनिटभरातच कोसळल्याची बातमी आली, आणि सोक्चो बंदरावरची खानावळ हसून लोळायला लागली. टीव्हीवर तेच दृश्य फिरत होतं. धुराची रेघ वर चढायची, वाकायची, विरून जायची.

"याच्यापेक्षा माझ्या जावयाची मोटार लांब जाते!" मासळीवाला कू ओरडला.

"तीसुद्धा ढकलून!" मागून कोणीतरी.

ह्ये-रानही हसली. समोर बसलेल्या तिच्या वडिलांनी भरल्या माकळाचा घास ताटलीत परत ठेवला.

"पडलं कुठं?"

"त्यांच्याच डोक्यावर पडलं असेल, आजोबा. आपल्याला काय!" कू हसला.

"कोणाच्या डोक्यावर?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "माझा भाऊ राहिलाय तिकडे. अगदी किनाऱ्याला घर आहे."

"मग लावा की फोन भावाला!" कू म्हणाला. सीमेपलीकडे फोन लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुन्हा हशा.

"बाबा, हळू. लोक बघताहेत. जेवा मुकाट्यानं."

ते जेवले. घरी येऊन रेडिओ कानाशी घेऊन पडले. क्षेपणास्त्र कुठं पडलं, ते बातम्यांत कोणी सांगितलं नाही. सकाळी ह्ये-रान उठवायला गेली तेव्हा रेडिओ चालू होता आणि त्यांचे हात गार पडले होते.

शेजारच्या यांग आजींनी खुंटीवरचा त्यांचा सदरा काढून तिच्या हातात दिला.

"चढ छपरावर. सदरा उत्तरेकडे हलव आणि गावाचं नाव घेऊन त्यांच्या गेलेल्या जिवाला तीनदा परत बोलाव. मुलाचं काम आहे, पण मुलगा कुठाय?"

"गाव सोक्चोच सांगू ना, आजी?"

शाळेत, कचेरीत, सासरी तिनं तेच सांगितलं होतं.

"सोक्चोची हाक त्यांना कशी कळेल?" आजी म्हणाल्या आणि शिडी धरून उभ्या राहिल्या.

वर वारा होता. खाली गल्लीत कू मासळीची गाडी ढकलत चालला होता, कालचाच विनोद कोणाला तरी ऐकवत. ह्ये-राननं एका हातात सदऱ्याची कॉलर धरली, दुसऱ्या हातात घेर. उत्तरेकडे तोंड करून तिनं तो हलवला.

"हामग्योंग प्रांत, सोल्पो गावचे मा तोक-सू! परत या!"

गाडी थांबली. कूनं वर पाहिलं, टोपी काढली.

"कुठलं गाव म्हणालीस, पोरी?"

"सोल्पो," ती म्हणाली. आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, "सोल्पो. उत्तरेत आहे. आमचं गाव आहे ते."