पाडव्याचं तेल

"मावशी, नाव सांगा," दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"वच्छलाबाई."

"आणि मिस्टरांचं?"

वच्छलाबाईंनी पदर सावरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, तेही उखाण्यात. त्यानंतर रेशनच्या दुकानापासून मतदान केंद्रापर्यंत सगळी सरकारी यंत्रणा त्यांच्यापुढं हरली होती.

"हे काय, हितंच उभे हायत. त्यांनाच इचारा."

"काकासाहेब," काकासाहेब म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल छातीवर ओढून घेतला. हॉलमधला ए.सी. कुणाचीच गय करत नव्हता.

गाठ पाडव्याला हाताला लागली होती. दिवाळीच्या पाडव्याला, पहाटे, आंघोळीच्या पाटाशी, तेल लावताना. काकासाहेब आधी म्हणाले, चिलट चावलं असंल. मग म्हणाले, गळू असंल. मग काहीच म्हणेनात. फक्त त्यांची तंबाखूची डबी सदऱ्याच्या खिशातून पायजम्याच्या खिशात गेली. काळजीत माणूस कुठली वस्तू कुठं ठेवील, सांगता येत नाही.

वच्छलाबाईंनी टुमणं लावलं ते लावलंच. शेवटी आज दोघं गंगापूरहून जीपनं शहरात आली, पण काकासाहेबांच्या अटीवर.

"तू आत जा, गाठ कशी हाय ते सांग, गोळ्या घे आन ये. मी भाईर बसतो. बायांचा दवाखाना त्यो. तिथं माझं काय काम?"

असे बाहेर बसणारे नवरे बाकावर बरेच होते. शेजारी दौलताबादचा गोकुळ नखं खात बसला होता. त्याची बायको मशीनच्या खोलीत गेली होती.

"भ्यायचं काय त्यात?" काकासाहेब त्याला म्हणाले. "गाठ काय लाजती व्हय? लाजतं ते माणूस. दाखवून मोकळं व्हायचं."

"तुम्ही लई धीराचे, काका."

"मंग! घरात एकानं तरी धीर धराया लागतो."

आत डॉक्टर तनुजांच्या टेबलावर मण्यांची एक माळ होती. पहिला मणी ज्वारीएवढा, मग हरभऱ्याएवढा, मग बोराएवढा, आणि शेवटचा चांगला लिंबाएवढा.

"गाठ केवढी वाटते?"

वच्छलाबाईंनी डोळे मिटले. बोटांनी माळ चाचपली. बोटं हरभऱ्यावर थांबली.

"ही."

"दुखते?"

"नाय."

"हलते?"

"जागची हलत नाय. खड्यावानी हाय."

डॉक्टर खुर्चीत पुढं सरकल्या. "मावशी, इथं बहुतेक जण थेट लिंबावर बोट ठेवतात. तुम्ही हरभऱ्यालाच आलात. वाईट निघालं तरी एवढ्यात सापडलं, तर बरं व्हायला पुष्कळ वाव असतो."

वच्छलाबाई त्या मण्याकडं बघत राहिल्या. "एवढुसा दाणा, आन माणूस घिऊन जातो?"

"आपण वेळ दिला तर."

"मंग नगं वेळ द्यायला. द्या गोळ्या."

"तपासल्याशिवाय गोळी नाही. चला, पडद्यामागं."

पडद्याशेजारी कॅलेंडर होतं. त्याच्यावर वेरूळचं कैलास लेणं. वच्छलाबाई त्याच्यापुढं थबकल्या.

"ह्ये समदं वरून खाली कोरलंय म्हणं."

"हो. आधी कळस."

"खालचं काय बी दिसत नसताना?"

"काहीच दिसत नसताना."

देवळात उभं राहावं तशा त्या कॅलेंडरापुढं उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि पडद्याकडं न जाता सरळ दाराबाहेर गेल्या.

डॉक्टर माळ हातात घेऊनच मागं धावल्या. पडदा बघून पळणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

बाकावरून काकासाहेब उठले. "दिल्या गोळ्या?"

"बघितल्याबिगर देत नायत."

"मंग चल. जीप भरायली असंल. पुढच्या दिवाळीला बघू."

"काका," डॉक्टर म्हणाल्या आणि माळ त्यांच्यापुढं धरली. हरभऱ्यावर ठेवलेलं बोट सावकाश बोरावरून पुढं नेत लिंबावर आणलं. "पुढच्या दिवाळीला कदाचित ही असेल."

काकासाहेबांची टॉवेलवरची मूठ आवळली.

"आवं काका," गोकुळ हळूच म्हणाला, "गाठ लाजत नाय म्हणला व्हता ना?"

काकासाहेबांनी वर पंख्याकडं पाहिलं. वर पंखा नव्हता.

"पेशंटनं आत यायचं," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

वच्छलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला, दोन्ही खांद्यांवर सारखा केला, मान जराशी खाली घातली. उभं राहायची ही तऱ्हा बाकांवरच्या बायकांच्या ओळखीची होती. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. काउंटरवरच्या मुलीचे हात की-बोर्डवर थांबले. मोबाइलवर मोठ्यानं बोलणारी एक म्हातारी म्हणाली, "थांब गं, हितं कुणीतरी नाव घ्यायलंय," आणि फोन पोटाशी दाबून धरला. कीर्तनातही होत नाही एवढी शांतता झाली.

लग्नानंतर पहिल्यांदाच, पार बाहेरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वच्छलाबाई म्हणाल्या:

"वेरूळचं कैलास लेणं कोरलं वरून खाली,
काकासाहेबांच्या छातीतली गाठ माझ्या हाताला आली."