मासळी कुणी साफ केली?

"चल बायडे, हात चालव," छगन म्हणाला, आणि बायडाबाईची सुरी माशाच्या पोटातच थांबली.

सकाळी नावेत बसेपर्यंत ती 'वैनी' होती. लग्न होऊन वस्तीत आल्या दिवसापासून वैनीच होती. थोरला भाऊ मच्छिंद्र तापानं गेला, तरी छगन तिला वैनीच म्हणत आला होता. मग गंगेच्या मधोमध येऊन ही एकाएकी 'बायडे' कुठून झाली?

तिनं खाली बघितलं. पुढ्यात टोपली, टोपलीत बोटाएवढी मासळी, हाताला राख, लुगड्यावर खवले. अगं बाई!

प्रवरा जिथं गोदावरीला, वस्तीच्या गंगेला, मिळते, तिथल्या त्या भोईवस्तीत विधवेच्या पाटाला, म्हणजे दुसऱ्या लग्नाला, ना भट लागायचा ना वाजंत्री. विधवेनं ज्याच्या नावेत बसून मासळी साफ केली, ती त्याची झाली. नाव काठाला लागली की पंच विचारायचा, नाव कुणी आणली, मासळी कुणी साफ केली. दोघांनी उत्तर दिलं की लागला पाट. नाव रेटायचा बांबू ज्याच्या हाती तो धनी, सुरी जिच्या हाती ती त्याची कारभारीण. म्हणून वस्तीतली विधवा काठावर बसून ढीगभर मासळी चिरायची, पण नावेत सुरीला बोट लावायची नाही.

हे बायडाबाईला ठाऊक नव्हतं थोडंच! पण लढाईचे दिवस, सूत कंट्रोलात. जाळं फाटलं तर नवं आणायचं कुठून? "वैनी, तुमी नुसतं जाळं शिवायला चला," असं गोड गोड बोलून छगननं तिला नावेत घेतलं. जाळं वर आलं, मासळी तडफडली, ऊन चढलं. "मऊ पडंल वो समदी, नेवाशाचा बाजार हुकंल," म्हणत त्यानं टोपली तिच्या पुढ्यात सरकवली. जन्मभर मासळी चिरलेले हात कशाला कुणाला विचारतील? लागले आपले कामाला. मेल्या हातांनीच घात केला.

तिनं काठाकडं पाहिलं. सगळी वस्ती झाडून घाटावर जमली होती. पुढं पंच सहादेवमामा, त्यांच्या शेजारी तिची सासू राहीबाई, हातात नवंकोरं लुगडं घेऊन. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, एकटी हीच आंधळी!

"कवापासनं हाय हे तुज्या मनात?" तिनं विचारलं.

"मनात कशाला पायजे? नाव घरात ऱ्हायला पायजे," छगन हसला. "बाईमानसाला का नाव चालवता येती?"

म्हणजे त्याला बायकोसुद्धा नको होती. नाव हवी होती. आणि ती नाव बायडाबाईच्या बापानं लेकीला आंदण दिलेली. मच्छिंद्र होता तोवर दोघांची, तो गेल्यावर तिची एकटीची. पाट लागला की छगन धनी, आणि हिनं बसायचं राख चोळत.

छगन जाळ्याची कड ओढायला वाकला. दोन्ही हात जाळ्यात गुंतले, बांबू मोकळा राहिला. बायडाबाई उठली, तिनं बांबू उचलला आणि तळाच्या वाळूत असा रोवला की नाव जागच्या जागी उभी राहिली.

"वैनी, काय करता?"

"आता बरी वैनी आठवली!" तिनं पायानंच टोपली त्याच्याकडं ढकलली. "बस खाली. मासळी साफ कर."

"म्या?"

"मग काय गंगामाई करती? समदी मासळी साफ झाल्याबिगर नाव हालायची न्हाई."

"लोक बघत्यात वैनी!"

"बघू दे की. त्याच्यासाठीच बोलावलंस न्हवं?"

छगन तिच्या अंगावर झेपावला. नाव हेलकावली. बायडाबाई बांबूला धरून घट्ट उभी होती. छगनच तोल जाऊन मासळीत बसला.

"पवता येतं की तुला," ती म्हणाली. "मार उडी, जा घरी. नाव ऱ्हाऊ दे माज्यापाशी."

छगननं पाण्याकडं पाहिलं, काठाकडं पाहिलं. उडी मारली तर नावही गेली आणि वस्तीदेखत अब्रूही. बसून राहावं तर मासळी वास मारायला लागलेली. शेवटी मुकाट्यानं त्यानं सुरी उचलली. राख घ्यायचं सुचलं नाही, मासा हातातून निसटला. खवले उडून डोळ्यांत गेले. बोट कापलं. बायडाबाई ढिम्म. शेवटचा मासा टोपलीत पडला तेव्हा कुठं तिनं बांबू उपसला. नावसुद्धा सरळ नेली नाही. वस्तीला नीट दिसावं म्हणून काठाकाठानं मिरवत आणली.

नाव घाटाला लागली. सहादेवमामांनी सवयीनं विचारलं, "नाव कुणी आणली?"

"म्या," बायडाबाई म्हणाली.

"मासळी कुणी साफ केली?" विचारून झालं आणि मामांनी जीभ चावली.

कोपरापर्यंत खवल्यांनी माखलेला माणूस नाही कसं म्हणणार? "म्या," छगन पुटपुटला.

मागं कुणीतरी बाई फिसकन हसली. मग सगळ्याच हसायला लागल्या.

"म्हंजी... आता कसं गं?" मामांनी डोकं खाजवलं.

बायडाबाईनं टोपलीतला एक मासा उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि सासूपुढं धरला.

"आत्याबाई, निम्मे खवले तसंच हायती. पोराला काय वळणच लावलं न्हाई तुमी. न्या ह्याला माघारी. काम शिकला म्हंजी मग बघू, नांदवायचा का न्हाई ते."