नेदाचे दोन गाल

"लांबून काय बघताय? हात लावा की! गालाला काही तिकीट नाही," असं ओरडत नेदाने तोंड पुढे केलं.

कझानलाक गावच्या गुलाबजत्रेत सगळी गर्दी तिच्याच टपरीपुढे. साठीतही उजवा गाल तुळतुळीत, डावा मात्र सुरकुत्यांनी पार चुरगळलेला. "सहा वर्षं मुद्दाम एकाच बाजूला लावतेय हे गुलाबाचं क्रीम. बायांनो, तुम्हीच बघा फरक!" बाया बघत, बोटं फिरवत आणि डब्या घेऊन जात.

नेदा मात्र सकाळपासून गर्दीत ओळखीचे चेहरे हेरत होती. खरी गोष्ट अशी, की सव्वीस वर्षं तिने स्तारा झागोरा शहराची बस चालवली होती. ड्रायव्हरची जागा डावीकडे, डाव्या हाताला खिडकी, खिडकीत ऊन; डावा गाल त्यानेच करपला. त्या डबीतलं क्रीम तिने उजव्या गालाला बोटभरसुद्धा लावलं नव्हतं. ओळखीचं कुणी टपकलं की धंदा बसलाच, वर गावात तोंड दाखवायची सोय नाही!

तेवढ्यात पांढरी टोपी घातलेली एक बाई पुढे आली. उजव्या गालाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. डाव्या गालावर कानाजवळ तिची नजर थांबली.

"मावशी, तुम्ही गाडी चालवायच्या ना?"

नेदा तिच्या कानाशी वाकली. "हळू बोल गं बाई! पोटावर पाय आणू नकोस माझ्या."

"मी त्वचेची डॉक्टर आहे. असे गाल ड्रायव्हरांचेच बघते." बाईचा आवाज आणखी खाली आला. "ते राहू दे. हा काळा डाग कधीपासून आहे?"

"तो होय? वयाचा असेल. वाढलाय जरासा."

"रक्त येतं त्यातून?"

उशीचा अभ्रा नेदाने कालच तिसऱ्यांदा धुतला होता.

"सोमवारी सकाळी इस्पितळात या. टाळू नका, मावशी. आधीच उशीर झालाय."

मागून एक पोरगी कोपरं मारत पुढे घुसली. "मावशी, ह्या बाजूलाही लावलं असतंत, तर हीही वाचली असती ना?"

नेदाने हातातली डबी उघडली. सगळ्यांदेखत दोन बोटं भरून क्रीम काढलं आणि कानाजवळच्या डागावर खसाखसा चोळायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं, तरी ती थांबेना.