बिनकढईचं फ्राइड आइस्क्रीम

“आज मी कढईला हातसुद्धा लावलेला नाही!” असं ठणकावून कुमुदिनीबाईंनी कुरकुरीत चुऱ्यात घोळवलेले आइस्क्रीमचे गोळे टेबलावर मांडले. त्यांच्या घरात तळणावर बंदी घालणारे डॉक्टर आज स्वतःच जेवायला आले होते.

त्यांच्या नवऱ्यानं, श्रीनिवासरावांनी, नाखुशीनं पहिला चमचा तोंडात घातला आणि ते दचकले. हे तीळ, हा ओवा त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. बायकोपासून लपवून आणलेल्या त्यांच्या चकल्या! स्कूटर विकूनही माळ्यावर जपून ठेवलेलं हेल्मेट त्या दडवण्यासाठीच तर होतं.

“वहिनी, कमाल आहे! न तळता इतकं खुसखुशीत?” डॉक्टरांनी आणखी एक गोळा मागितला.

श्रीनिवासरावांची पंचाईत झाली. बोलावं तर चोरी उघडी पडणार, गप्प बसावं तर ऐवज डोळ्यांदेखत संपणार.

“पौष्टिक लागतंय,” ते कसेबसे म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर बाईंनी रिकामं हेल्मेट नवऱ्यापुढे ठेवलं.

“उद्या फिरायला जाताना हे घेऊन जा. डॉक्टर रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन येतायत. काठोकाठ भरून आणा.”