हलता कॅमेरा

लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या नरेंद्रचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. किन्हवलीत बोभाटा झाला असता, तर धंदाच बसला असता. सिद्धगडच्या जंगलात भुताच्या मालिकेचं काम आलं, तेव्हा पोरगी पल्लवी म्हणाली, "जाऊ नको बाबा. त्यांना कळंल."

"नाय गो. त्यांना कॅमेरा हललेलाच पायजे."

किंचाळत पळणाऱ्या नटीमागं तो कॅमेरा घेऊन धावला.

"वा भाऊ! काय भीती उतरवलीत!" दिग्दर्शक म्हणाला. "आमच्या पोरांना असं हलवता येत नाही."

नरेंद्रनं हात हळूच खिशात घातला आणि हसला.

"आता हीच वाट भुताच्या नजरेतून. सावकाश चालत या. भूत कुणाला घाबरत नसतं, तेव्हा कॅमेरा जरासुद्धा हलता कामा नये."